सांगणाऱ्याचं जेवण

उमाकांत भामरे सरांचा डबा अख्ख्या शहादा तालुक्याला ठाऊक होता. स्टीलचा, दोन खणांचा, झाकणावर पोचा आलेला. खालच्या खणात दोन पोळ्या, वरच्या खणात कोरडी भाजी. बैठक नंदुरबारला असो, शिबिर सारंगखेड्याला असो, नाहीतर ओळखीच्या कुणाच्या मुलीचं लग्न असो, सर आपला डबा घेऊन जात आणि कुठेतरी कडेला बसून एकटेच जेवत. चहासुद्धा कुणाचा घेत नसत. लोकांनी आधी आग्रह केला, मग थट्टा केली, मग रुसून पाहिलं, आणि शेवटी बोलावणंच सोडून दिलं. माणसाला वाळीत टाकायला पंचायतच लागते असं नाही. मनावर घेतलं तर ते काम ज्याचं त्यालाही जमतं.

याला कारण होतं. सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि जमिनीखालच्या पाण्याचे जाणकार म्हणून त्यांचं नाव होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी तापीकाठच्या एका कारखान्याचं सांडपाणी शेजारच्या विहिरींत उतरतंय का, ते पाहायला त्यांना नेलं होतं. त्यांनी पाहिलं आणि उतरतंय असा स्वच्छ अहवाल दिला. जनसुनावणीला मांडव गच्च भरला होता. कारखान्याच्या बाजूने एक माणूस उठला. अहवालाबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, की विहिरी बघायला आलात त्या दुपारी सर कुठे जेवलात? सर जेवले होते तक्रार करणाऱ्या शेतकऱ्याच्याच ओसरीवर. उन्हाचा कहर होता, त्या माउलीने ताट वाढलं, सर बसले. यात लपवण्यासारखं काय आहे, म्हणून त्यांनी ते सांगूनही टाकलं. तो माणूस मांडवाकडे वळून म्हणाला, "ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी." मांडव खदखदून हसला. त्या हसण्यात अहवाल वाहून गेला तो कायमचा.

तेव्हापासून सरांनी कानाला खडा लावला. ज्याच्याविषयी मत द्यायचं त्याचं पाणीही प्यायचं नाही, आणि या जिल्ह्यात उद्या कुणाविषयी मत द्यावं लागेल याचा नेम काय, म्हणून मग कुणाचंच नको. बायको, मीना, होती तोवर डबा ती भरायची. भरताना म्हणायची, "तुमचं स्वातंत्र्य दोन खणांत मावतं, हे एक बरं आहे. मोठं असतं तर घासायलाही मलाच लागलं असतं." चार वर्षांपूर्वी ती गेली. मुलगी भाविका बडोद्याला. ती रविवारी फोन करते आणि पहिल्यांदा विचारते, "बाबा, जेवलात का?" सर हो म्हणतात. कुणाबरोबर, हे ती विचारत नाही.

मग जिल्ह्यासाठी हवामान समिती नेमली गेली. पाऊस आता महिनाभर रिपरिपत नाही, दोन दिवसांत कोसळून मोकळा होतो. उन्हाळे लांबले. त्याला तोंड द्यायचं कसं, हे ठरवणारी ही समिती. त्यात अधिकारी होते, निवडून आलेले होते, कंपन्यांचे लोक होते, आणि एक जागा होती स्वतंत्र तज्ज्ञाची. डबेवाले भामरे सर सोडून ती कुणाला शोभणार? सरांनी खुर्ची घेतली आणि पहिल्याच बैठकीत एक नियम स्वतःच्या हाताने लिहून दिला, की अहवाल देईपर्यंत तज्ज्ञाने कोणत्याही बाजूचं आतिथ्य घेऊ नये, घेतलं तर त्याला समितीवर राहता येणार नाही. सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. नंतरची दोन वर्षं सर सांगत राहिले आणि प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तात त्यांच्या सल्ल्यापुढे एकच ओळ येत राहिली, 'नोंद घेण्यात आली.' सरकारी मराठीत उत्तरक्रियेला असंच म्हणतात. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं, आणि ते वाहून गेलं की समोरचा त्याची नोंद घेतो.

आंबीमाळचं प्रकरण मात्र वेगळं होतं. तोरणमाळच्याही पलीकडे डोंगराच्या खांद्यावरची ही वस्ती. वस्तीच्या डोक्यावर गवताचा मोठा माळ आणि माळाच्या पायथ्याशी एक झरा. तोच वस्तीचं पाणी. एका कंपनीला त्या माळावर भराभर वाढणारी झाडं लावायची होती. झाडं हवेतला धूर पोटात घेणार, आणि तेवढा धूर दूरदेशीच्या कुठल्यातरी कारखान्यांच्या खात्यातून वजा होणार, असा तो व्यवहार. वस्तीला त्यातून काही वर्षं खड्डे खणायची, झाडं जगवायची मजुरी मिळणार होती. माळ सामूहिक हक्काचा, त्यामुळे ग्रामसभेच्या होकाराशिवाय कुदळ मारता येत नव्हती. आंबीमाळची सरपंच ममता समितीपुढे येऊन म्हणाली, "कंपनीचा माणूस आम्हाला लाव म्हणतो. संघटनेची माणसं लावू नको म्हणतात. जो त्यांचाही नाही आणि आमचाही नाही, असा कुणीतरी येऊन सांगा. मग आम्ही ठरवू."

टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत सर ताठ बसले. इतक्या वर्षांत त्यांना नेमलेलं पुष्कळांनी होतं. ज्यांना निर्णय घ्यायचा आहे त्यांनीच येऊन 'सांगा' म्हणण्याची ही पहिली वेळ. आपला शब्द एकदा तरी कुणाच्या कामी यावा, एवढंच त्यांना आता आयुष्यात हवं होतं. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण बोलून दाखवायला कुणी नव्हतंच.

माघ सरताना सर आंबीमाळला गेले. गाडी शहाद्याच्या नासिरची. नासिर बोलका माणूस, पण घाट लागला की तोही गप्प व्हायचा, कारण चढ तसा होता. आदल्या दोन्ही उन्हाळ्यांत समितीच्या कामासाठी सरांनी हा झरा येऊन पाहिला होता, त्यामुळे वाट ओळखीची होती. मोहाच्या झाडाखाली वस्ती जमली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मध्ये वस्तीचा जुना पंच आमशा, डोक्याला फडकं गुंडाळलेला. सर बोलले. खडक कसा, माळ कसा, गवत पाणी कसं धरतं, झाडं ते कसं ओढतात. ममता त्यांचं मराठी पावरीत करून सांगत होती. सर चांगलेच रंगले होते. वर्गात पोरं जांभया देत, इथे कुणी पापणी लववत नव्हतं.

बोलणं संपलं तशा घराघरांतून बायका टोपल्या घेऊन निघाल्या. आमशाने घोंगडी झटकून अंथरली आणि हात धरून सरांना म्हणाला, "बैस. आता खा."

डोंगरात साहेबालाही तूच म्हणतात, त्याचं सरांना काही वाटलं नाही. त्यांनी हात जोडले. "माफ करा बाबा. मी बाहेरचं खात नाही. माझा डबा आहे."

आमशाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा ममताकडे. ती खाली बघत होती. त्याने पुन्हा घोंगडीवर थाप मारली. सरांनी पुन्हा हात जोडले, आणि मान राखायला एवढं पुरे असं समजून गाडीत जाऊन बसले. काच वर केली, डबा उघडला. नासिर मात्र टोपल्यांपाशी उकिडवा बसून यथेच्छ जेवला. सर जेवून निरोप घ्यायला आले तेव्हा मोहाखाली कुणी उरलं नव्हतं. लाजरी माणसं, असं मनाशी म्हणत ते घाट उतरले. इतकं समाधान त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

होळी झाली. एके सकाळी ममताचा फोन आला.

"सर, पुढच्या सोमवारी ग्रामसभा आहे. कंपनीचा ठराव येतोय. लोक होकार देतील असं दिसतंय."

"त्यांनी माझं ऐकूनही?" सरांनी विचारलं.

"पंच म्हणतात, बाहेरून कुणी येऊन काही सांगितलेलं नाही."

"कुणी सांगितलेलं नाही म्हणजे? मी बोललो ना, तूच तर समजावून सांगत होतीस."

"बोललात, सर. पण न जेवता गेलात." तिचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. पण तुम्ही डबा काढलात आणि मला वाटलं, आमच्या हातचं तुम्हाला चालत नसेल. मग कशी बोलणार?"

फोन ठेवल्यावर सर ओट्याला टेकून उभे राहिले. आजवर त्यांना लोकांनी तऱ्हेवाईक म्हटलं होतं, कंजूष म्हटलं होतं. हे कुणी म्हटलं नव्हतं. ज्या डब्याला ते इतकी वर्षं स्वतःची अब्रू समजत आले, तो एका पोरीला विटाळ वाटला. त्या दुपारी त्यांनी स्वयंपाक केलाच नाही.

संध्याकाळी ते नासिरच्या दारात जाऊन उभे राहिले. नासिर गाडी धूत होता. त्याचा बाप नासिरच्या आईला, जन्नतबीला, सायकलवर मागे बसवून डोंगरातल्या बाजारांत बांगड्या विकत फिरलेला, त्यामुळे नासिरला तिथल्या रीती लहानपणापासून माहीत.

"आंबीमाळले जेवनं नही म्हनीसन काय व्हस रे?" सरांनी घरच्या अहिराणीत विचारलं.

नासिरने पाण्याचा पाइप बाजूला टाकला. "सर, त्या लोके वाद मिटाडाले, नहीते काही मोठं ठरावनं व्हई ते बाहेरना मानूस बलावतस. तो सांगस तोपावत त्याले पानी बी इचारतस नही. ना ह्या घरनं, ना त्या घरनं. सांगी झाया का मंग घर-घरनी भाकर येस. तो सगळास्ना संगे बशीन खास. खादं, का त्याना शब्द गावले दिधा. ना खाता उठी गया, का शब्द परत ली गया. मंग त्या शब्दना नाव बी कोनी काढस नही."

"आनि हाई तुले माहीत व्हतं?"

"व्हतं ना."

"मंग मले तवय का बरं नही सांगं?"

"तुमले कोन सांगी, सर?" नासिर हसला, पण त्यात कुचेष्टा नव्हती. "मन्ही पोर अस्माना लगीनम्हा तुम्ही मांडवना बाहेर डबा खायेल शेतस. मी तवयपशी तुमले जेवनना इषयच काढत नही."

सर घरी आले आणि विचार करत बसले. गंमत पाहा. खालच्या मुलखात आधी खाल्लं की शब्द नासतो, म्हणून सर खात नव्हते. डोंगरातल्यांनाही ते मान्यच होतं. तेही सांगून होईपर्यंत पाणी देत नव्हते. पण पुढची अर्धी गोष्ट सरांना ठाऊक नव्हती. सांगणारा सांगून मोकळा होत नाही, मग त्याने त्या लोकांत बसायचं आणि त्यांच्या पाण्याची, त्यांच्या धान्याची भाकर त्यांच्याबरोबर चावायची, ही ती अर्धी गोष्ट. खाल्ल्या मिठाला जागणं आपल्याला माहीत असतं. बोलल्या शब्दाला जागायला मीठ खायचं, हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

पण नियम? तो तर त्यांनीच लिहिलेला. समितीचा अहवाल अजून द्यायचा होता. आंबीमाळला घास तोंडात घातला की जिल्ह्यातली खुर्ची गेली, आणि खुर्चीबरोबर बाकीच्या सगळ्या तालुक्यांबद्दल बोलायचा हक्कही गेला. नाही घातला तर आंबीमाळ गेलं. सरांनी ममताला फोन करून विचारलं, यावेळी जेवणातून सूट मिळेल का? तिने आमशाला विचारून उलट फोन केला. "तो म्हणतो, तो त्याचा नियम, हा आमचा. त्याला जो पाळायचा तो त्याने पाळावा."

सोमवारी सर सवयीने डबा घेऊनच निघाले. घाटात त्यांनी तो दोनदा मांडीवर घेतला आणि दोनदा खाली ठेवला. नासिरने ते आरशातून पाहिलं.

मोहाखाली आज जास्त माणसं होती. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली पोरंही सभेसाठी आली होती. ग्रामसेवक टेबल मांडून बसला होता. कंपनीचा माणूस रतिलालही होता, अक्कलकुव्याचा, समितीवरही असलेला, गोरागोमटा, सगळ्यांशी गोड. माणूस वाईट नव्हता. त्याला पगार झाडं लावण्यासाठी मिळत होता, एवढंच. सरांच्या हातातला डबा पाहून तो म्हणाला, "या सर, तुमची शिदोरी आली म्हणजे सभा कायदेशीर झाली." दोघंचौघं हसले.

रतिलाल आधी बोलला. झाडं, मजुरी, आणि झऱ्याला काहीही होणार नाही याची पक्की खात्री. मग सर उठले. या खेपेला ते रंगले नाहीत. बायकांच्या पुढे बसलेल्या आमशाच्या बायकोकडे, कमलीबाईकडे, बघत सावकाश बोलले.

"तुमचा झरा मी दोन उन्हाळे पाहिलाय. आता पाऊस एकदम येतो. वरचं गवत त्याला थांबवतं आणि हळूहळू खाली सोडतं, म्हणून चैत्रात तुम्हाला पाणी मिळतं. ही झाडं तहानलेली असतात. ती वाढली की चैत्रातला झरा निम्मा होईल असं मला वाटतं. कदाचित आटेल. कदाचित काहीच होणार नाही. पक्कं मला माहीत नाही, आणि जो पक्कं माहीत आहे म्हणतो, त्यालाही नाही. मला विचाराल तर माळाला हात लावू नका. खाली उजाड उतार आहे, तिथे लावा. मजुरी मिळाली तर पोरं घरी राहतील का, त्याची किंमत किती, ते मला कळत नाही. ते तुम्हालाच कळतं."

ममताने सांगून संपवलं. आमशाने विचारलं, "कंपनीवाला म्हणतो पक्कं. तू म्हणतो कदाचित. मग कोणाचं धरू?"

"ते मी सांगायचं नाही, बाबा," सर म्हणाले. "मला जे दिसलं ते मी सांगितलं."

आमशा उठला. घोंगडी झटकून अंथरली. या खेपेला त्याने हात धरला नाही, बैसही म्हणाला नाही. टोपल्या आल्या आणि सगळी वस्ती सरांकडे पाहू लागली. डबा सरांच्या हातात होता. रतिलालने खिशातून फोन काढला. नियम त्यालाही पाठ होता.

"बसा ना, सर," तो अगदी आर्जवाने म्हणाला. "आठवण म्हणून एक फोटो घेतो."

सरांनी डबा नासिरकडे दिला, चपला काढल्या आणि घोंगडीवर बसले.

कमलीबाईने झऱ्याचं पाणी हातावर घातलं. मग प्रत्येक घरच्या भाकरीतला एकेक तुकडा मोडून त्यांच्यापुढे ठेवला. ज्वारीची, मक्याची, कुठे जाड, कुठे करपलेली. वर उडदाची डाळ, तिच्यात आमचुराचा आंबटपणा आणि डोळ्यांत पाणी आणणारी मिरची. आमशा खांद्याला खांदा लावून बसला, त्याच्या पलीकडे ऊसतोडीची पोरं, अलीकडे नासिर. सगळ्यांनी एकदम घास उचलला. सरांनीही उचलला. चार वर्षं ते स्वतःच्या हातचं अळणी खात आले होते, आणि त्याआधीची कितीतरी वर्षं एकट्याने. त्यांना रडू आलं. त्यांनी ते मिरचीवर ढकललं, आणि कमलीबाईने शहाण्या बाईसारखं ते मान्य करून पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. फोनचा आवाज झाला तेव्हा सरांच्या तोंडात घास होता. त्यांनी तो नीट चावून गिळला आणि पुढचा घेतला.

जेवण आटोपलं आणि खरी सभा सुरू झाली, ती पावरीत. आता सरांचं तिथे काम नव्हतं. ते लांब गाडीच्या सावलीत जाऊन बसले. आवाज चढत होते, उतरत होते. एक पोरगा तावातावाने माळाकडे हात करत होता. कमलीबाई मध्येच उठून बरंच काही बोलली आणि पुरुष गप्प झाले. सरांना एक शब्द कळत नव्हता. जेवताना जो खांदा खांद्याला लागला होता तो आता तिकडे होता आणि ते इकडे. जवळ बसून उठल्यावर एकटेपणा जास्त लागतो, हे त्यांना त्या सावलीत कळलं.

उन्हं कलली तेव्हा ममता आणि आमशा त्यांच्याकडे आले.

"ठरलं, सर," ममता म्हणाली. "खालचा उतार द्यायचा. आणि वरचा माळ निम्मा. झऱ्याच्या बाजूचा निम्मा सोडून."

सरांचं तोंड उघडलं. निम्मं? पाणी असं भाकरीसारखं मोडता येत नाही. खडक सगळीकडे एकच आहे, या बाजूचं झाड त्या बाजूचंही पाणी ओढेल. हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं.

आमशाने ते ओळखलं असावं. तो म्हणाला, "तू खोटा नाही बोलला. तुला अर्धं माहीत, तर आम्ही अर्धं ऐकलं. तुझा शब्द इथं राहिला. झरा कमी झाला, तर कोणी सांगितलं नव्हतं असं इथं कोणी म्हणणार नाही."

सरांना राग आला होता, खरंच आला होता. पण रागाच्या खाली काहीतरी वेगळंही होतं, आणि त्याला काय म्हणायचं ते त्यांना लवकर सुचेना. दुपारभर माणसं त्यांच्या शब्दावरून भांडली होती. कुणीही त्याची नोंद घेतली नव्हती. त्यांनी आमशाला हात जोडले आणि गाडीत बसले. शहादा आल्यावर नासिरने डबा हातात दिला. उन्हात राहून भाजी आंबली होती.

समितीची बैठक पंधरवड्याने नंदुरबारला भरली. ग्रामसभेचा ठराव कायद्याने होता तसाच राहिला, त्यावर बोलण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं. विषय होता सरांचा. पडद्यावर रतिलालचा फोटो लागला. अध्यक्षबाईंना मनापासून वाईट वाटत होतं, ते त्यांच्या आवाजातून कळत होतं.

"सर, हे तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं. "नियम तुमच्याच अक्षरातला आहे, म्हणून विचारावं लागतंय."

सरांनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं. मोहाची सावली. हात तोंडाशी नेलेला एक म्हातारा, गाल घासाने फुगलेला, डोळे ओले. त्याच्या खांद्याला टेकून आमशा. अलीकडे नासिर हसत पाण्याचा तांब्या घेतोय. कमलीबाई भाकर मोडतेय आणि तिचं लक्ष त्या म्हाताऱ्याला पुरेसं वाढलंय की नाही याकडे आहे. सरांच्या घरात फोटो होते. पदवीदानाचे, सत्काराचे, मीनाबरोबर स्टुडिओत काढलेला एक. कुणाबरोबर जेवतानाचा एकही नव्हता. मीनाबरोबरचासुद्धा नव्हता.

"हो, मीच," सर म्हणाले. मग टेबलापलीकडे वळले. "रतिलालभाई, तो फोटो मला पाठवता का?"

रतिलालने मान खाली घातली. अध्यक्षबाई सरांना समितीतून मोकळं करण्याचा ठराव वाचू लागल्या, आतापर्यंतच्या मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल आभार वगैरे. त्या अर्ध्यावर आल्या असतील, तेवढ्यात सरांच्या खिशातला फोन वाजला. रतिलालने फोटो पाठवला होता.